शिदबाच्या चालीतलं खोटं वळण

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात शिदबा नावाचा पावा शिकवणारा राहत होता. गावाला दोन गोष्टींचा अभिमान. एक डोंगरावरची देवी आणि दुसरा शिदबाचा पावा.

दर बाजारच्या दिवशी, बाजार उठला की पारावर वाजवणाऱ्यांची बैठक बसे. कुणी पावा आणी, कुणी तुणतुणं, कुणी दिमडी. सगळे गोल बसत. ज्याला चाल सुचेल त्याने धरायची, येत असेल त्याने सूर मिळवायचा. ज्याला येत नाही त्याने गप्प ऐकायचं आणि चाल पुरती बसल्याशिवाय वाद्याला हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज होता. कागदावर कुणी काही उतरवून घेत नसे. कानाने घ्यायचं, बोटांनी राखायचं. शिदबाची शिष्यमंडळी अशीच शिकली होती, आणि शिदबाही आपल्या गुरूकडून असाच शिकला होता.

या सगळ्या चालींत एक चाल मानाची होती, पालखीची. जत्रेच्या दिवशी देवीची पालखी डोंगर चढायची ती याच चालीवर. चालीच्या मध्यावर एक लांब सूर होता. तो लागला की पालखीचे भोई एकदम खांदा बदलत आणि पुढचा चढ चढत. शेजारच्या गावातही देवी होती, पालखी होती, पण अशी चाल नव्हती. तो मान शिदबाचा होता आणि त्याला तो जिवापेक्षा प्यारा होता.

एका बाजारी केरबा नावाचा कल्हईवाला बैठकीला येऊन बसला. गडी शेजारच्याच गावचा. अंगावर घोंगडी घेऊन पाराच्या कडेला बसला आणि कुणाशी एक शब्द बोलला नाही. शिदबाने पालखीची चाल धरली आणि सहज तिकडे पाहिलं, तर घोंगडीखाली केरबाची बोटं हलत होती.

शिदबाच्या मनात पाल चुकचुकली.

चाल संपल्यावर त्याने विचारलं, "काय पाव्हणं, पावा वाजवता वाटतं?"

केरबा ओशाळून म्हणाला, "न्हाई जी. नुसता ऐकतो."

पण त्याच्या पिशवीतून पाव्याचं टोक बाहेर डोकावत होतं! मग काय विचारता? शिदबाच्या डोक्यात संशयाचं भूत शिरलं ते शिरलंच. शेजारच्या गावाने याला चाल चोरायला धाडला असणार. नाहीतर पावा असून नाही कशाला म्हणेल? एवढ्या गावांत याच गावची भांडी बरी कळकट झाली! आणि भट्टी मांडायला जागा तरी कुठली धरावी? शिदबाच्या परसामागचा लिंब! आता भट्टी लिंबाच्या सावलीत मांडायची नाही तर कुठे मांडायची? पण कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं.

शिदबाने चोराला धडा शिकवायचं ठरवलं. पुढच्या बाजारी त्याने चाल धरली आणि मध्यावर आल्यावर तो लांब सूर गाळून टाकला. त्या जागी एक झटपट गिरकी घातली आणि सरळ पुढे गेला. 'घेऊन जा म्हणावं आता ही खोटी चाल,' तो मनात म्हणाला. 'तुमची पालखी पहिल्याच चढाला कलंडली की कळेल.'

शिष्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पण गुरूला विचारणार कोण? त्यांनीही गिरकी उचलली. शिदबाने त्यांना खरं काय ते सांगितलं नाही, कारण आता त्याला त्यांचाही भरवसा वाटेना. केरबाला बैठकीची वाट यांच्यातल्याच कुणी दाखवली नसेल कशावरून?

घरी त्याची बायको चंद्रभागा मात्र गप्प बसणारी नव्हती.

"आवं, चाल अशी का मोडताय?"

"चोर धरायचाय."

"चोर घावंल तवा घावंल. घराला भगदाड तर तुमच्याच हातानं पडलं."

शिदबाने ते कानाआड केलं. खरी चाल घरात तरी वाजवावी, तर परसामागे कल्हईवाल्याची भट्टी. त्याने घरातही पावा ओठांना लावायचं सोडलं. बाजारामागून बाजार गेले. केरबा दर बैठकीला येई, गिरकीपाशी जरा चमके, मान खाली घाली आणि ऐकत राही. 'कसा फसला!' असं म्हणून शिदबा मनातल्या मनात खूश होई.

जत्रेचा दिवस उजाडला. दुपार कलल्यावर पालखी निघाली. भोयांनी खांदा दिला, शिदबाने पावा धरला. आज खरी चाल! आपल्या मागे शिष्य सूर धरतील, अशी त्याची खात्री होती. पहिला चढ आला, चाल मध्यावर आली आणि शिदबाच्या बोटांनी गिरकी घेतली.

मागून साऱ्या शिष्यांनी तीच गिरकी घेतली.

भोई लांब सुराची वाट पाहत होते. तो लागेना. कुणी खांदा बदलला, कुणी बदलला नाही. पालखी एका अंगाला कलली, बायका ओरडल्या, दोघातिघांनी धावत जाऊन दांडी सावरली. शिदबाने चाल पुन्हा धरली. बोटं पुन्हा तिकडेच वळली. इतके दिवस त्याने त्यांना जे शिकवलं होतं, तेच ती वाजवत होती. करायला गेला गणपती आणि झाला मारुती!

तेवढ्यात गर्दीतून एक पावा वाजला. तीच चाल, आणि मध्यावर तोच लांब सूर. भोयांनी एकदम खांदा बदलला आणि पालखी सरळ झाली. वाजवणारा होता केरबा कल्हईवाला. देऊळ येईपर्यंत त्याने सूर तुटू दिला नाही. शिदबा खाली मान घालून मागून चालत राहिला.

वर पोचल्यावर शिदबाने त्याला गाठलं. "ही चाल कुठं शिकलास?"

"तुमच्यापाशीच की, गुरुजी. पयल्या बाजारी ऐकली, ती मनात बसली."

"मग वाजवत न्हाई असं का म्हणालास?"

"तुमच्याम्होरं वाजवतो म्हणायला तोंड व्हतं का मला? पुरती बसल्याबिगर पावा काढायचा न्हाई, हा तुमचाच रिवाज. अन् बसली, तवर तुम्ही त्या जागी चुकाया लागला." केरबा घुटमळला. "म्या म्हटलं, वय झालं आसंल. गुरूची चूक चारचौघांत कशी दावायची?"

ज्याला चोर समजलो, तो आपली अब्रू झाकत बसला होता, हे ऐकून शिदबाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याचे डोळे भरून आले.

पुढच्या बाजारी बैठक बसली तेव्हा शिदबाने केरबाचा हात धरून त्याला मधे बसवलं आणि चाल धरायला सांगितली. स्वतः पाराच्या कडेला शिष्यांमध्ये जाऊन बसला आणि आपल्याच गुरूची चाल कल्हईवाल्याकडून नव्याने शिकू लागला. चाल आली, पण त्या लांब सुराच्या जागी त्याची बोटं शेवटपर्यंत जराशी अडखळत राहिली.

तात्पर्य: चोर नसताना चोरासाठी सापळा लावला, तर त्यात आपलाच पाय अडकतो; आणि विद्या दिल्याने जात नाही, संशयाने मात्र जाते.