खांबेट्यांच्या नियमात बसणारा प्रश्न

गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपचे अ‍ॅडमिन धुंडिराज खांबेटे म्हणजे ज्ञानाचा सागर. फक्त त्यातला थेंबही कधी कुणाला मिळाला नव्हता.

नवख्या अनसूया तांडेलनं विचारलं, "लिंबाची पानं का गुंडाळतायत? झाड जाईल हो माझं!"

खांबेटे कडाडले, "प्रश्नाचा दर्जा सुधारा! आधी ग्रुपमध्ये शोधा. मग काय केलं, काय अपेक्षित होतं, काय झालं, ते लिहा."

अनसूयानं मुकाट्यानं शोधलं आणि लिहिलं, "काय केलं? ग्रुपमध्ये शोधलं. काय अपेक्षित होतं? उत्तर. काय झालं? हाच प्रश्न कितीतरी जणांनी विचारलेला सापडला आणि प्रत्येकाखाली तुमचं एकच वाक्य, 'आधी ग्रुपमध्ये शोधा.' साहेब, प्रश्नाचा दर्जा सुधारला. आता उत्तराचं बघता का?"

खांबेटे अजून शोधतायत.