काचेच्या हौदातली बाग

एक होतं इवलंसं राज्य. इतकं इवलंसं, की राजवाड्यात ताट-वाट्या वाजल्या की सीमेवरच्या गाई कान टवकारायच्या. तिथे राणीसाहेबांची हिरवीगार बाग होती आणि बागेच्या टोकाला, चाफ्याखाली, एक झोपडी. झोपडीत राहायच्या बकुळी आणि तिची आई. आई बागेची माळीण. पण तापाने तिला पार लोळवलं होतं. म्हणून बकुळीच पहाटे उठून झाडांना पाणी घालायची, पाचोळा झाडायची आणि घरी येऊन आईला पेज भरवायची. तिच्या परकराला इतकी ठिगळं होती, की मूळ कापड कुठलं हे तिलाही सांगता आलं नसतं. तरी पोर हसतमुख हो! मुंग्यांच्या रांगेवर चुकून पाय पडू नये म्हणून उड्या मारत चालायची.

बागेच्या मधोमध होता काचेचा हौद. केवढा? चांगला खोलीएवढा! त्यात चिमुकले चंदेरी मासे होते, केशरी मासे होते, पट्ट्यापट्ट्यांचे ऐटबाज मासे होते आणि लांब मिशांचे एक म्हातारे आजोबा मासेही होते. पण झाड मात्र एकही नव्हतं. जुनी सगळी थंडीत कुजून गेली होती. उरली होती वाळू, थोडे दगड आणि एक वाकडंतिकडं लाकूड. इतक्या उघड्याबोडक्या पाण्यात माशांना भीती वाटायची. ते बिचारे लाकडामागे दाटीवाटीने लपून बसायचे, दाणे टाकले तरी बाहेर यायचे नाहीत.

एके सकाळी दिवाणजी आले.

"ए पोरी, वसंतोत्सवाला राणीसाहेब पाहुण्यांना घेऊन हौद बघायला येणार आहेत. तोवर आत बाग फुलली पाहिजे, मासे दिसले पाहिजेत. नाहीतर नवा माळी येईल. आणि माळ्याची झोपडी माळ्यालाच लागते. समजलं?"

बकुळीला सगळं समजलं. फक्त पाण्यात बाग कशी लावतात, तेवढं समजलं नाही. आणि आजारी आईला घेऊन जायचं तरी कुठे?

ती हौदाच्या शिडीवर चढली. पाहते तो काय, पाण्यात एक निळा चतुर गटांगळ्या खात होता! बकुळीने पटकन चाफ्याचं पान खाली धरलं आणि त्याला अलगद वर काढलं. तोच लख्खकन काहीतरी चमकलं आणि पानावर बसली होती अंगठ्याएवढी परी. निळे-जांभळे झिरझिरीत पंख, केसांत मोत्यांसारखे थेंब.

"मी पाणपरी," ती खोकत म्हणाली.

"पाणपरी? आणि पाण्यात बुडत होतीस?"

"पंख ओले झाले की माझा फार गोंधळ उडतो गं," परी ओशाळून म्हणाली. "ते जाऊ दे. तू मला वाचवलंस. माग दोन इच्छा! पण नियम आहेत हं. एकदा दिलेलं मी परत घेत नाही. आणि मागण्याआधी तिथे राहणाऱ्यांना विचारायचं."

"तिथे म्हणजे कुठे?"

"तिथे म्हणजे तिथेच!" परी म्हणाली आणि पंख वाळवायला उन्हात जाऊन बसली.

बकुळीने डोकं खाजवलं. तिथे राहणारे म्हणजे राजवाड्यातलेच असणार! ती धावत दिवाणजींकडे गेली. ते म्हणाले, "मधोमध लालचुटूक झाडं हवीत, सगळ्यात उंच." मुदपाकखान्यातले आचारीकाका म्हणाले, "भरगच्च कर बाई! रिकामी जागा मला बघवत नाही." आणि आई अंथरुणातूनच म्हणाली, "वाफ्यात लावतो तशी ओळीने लाव, बाळ. मुळं, खोड सगळं मातीत गच्च दाब. नाहीतर रोप उपटून येतं."

आता एकाचं ऐकावं तर दुसरा नाराज होणार. बकुळी पुरती गोंधळली आणि शेवटी तिने सगळ्यांचं सगळंच मागितलं.

"बघ हं," परी म्हणाली आणि तिने पंख झटकले.

अहाहा! हौद रंगांनी भरून गेला. पोपटी गवत, लाल पानांची उंच रोपं, गडद हिरवे नेचे, सगळं ओळीत, सगळं गच्च! बकुळीने टाळ्या वाजवल्या. पण मासे? एकही दिसेना. हळूहळू नेच्यांची पानं तपकिरी पडू लागली. त्यांची जाड आडवी खोडं वाळूत दाबली होती ना, ती कुजायला लागली. आईने सांगितलं तसंच तर केलं होतं! मग चुकलं कुठे?

उत्सव उद्यावर आला. बकुळी काचेला नाक लावून आत बघत होती, तेवढ्यात मधल्या लाल गर्दीत तिला दोन मिशा दिसल्या. आजोबा मासे देठांमध्ये अडकले होते. त्यांना पुढे जाता येत नव्हतं, मागे येता येत नव्हतं. त्यांचे कल्ले धापा टाकत होते. बकुळीने शिडीवरून हात घातला, पण तो तिथवर पोचेना. आत उतरून रोपं उपटत जाईपर्यंत फार उशीर झाला असता.

"परीताई, आजोबांना सोडव! लवकर!"

"ही शेवटची इच्छा आहे हं," परी हळूच म्हणाली. "झोपडी मागितलीस तर झोपडी मिळेल."

बकुळीने चाफ्याखालच्या झोपडीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. पण ती म्हणाली, "त्यांना श्वास घेता येत नाहीये गं. सोडव ना."

"तिथे राहणाऱ्यांना विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? दिसतंय की!"

परीने पंख झटकले, देठ बाजूला झाले आणि आजोबा सुळकन निसटले. बकुळी मात्र जागच्या जागी उभी राहिली. तिथे राहणारे! अगं बाई, हौदात तर मासे राहतात! त्यांना सोडून आपण सगळ्या जगाला विचारत फिरलो!

मासे बोलत नाहीत. म्हणून ती नुसती बघत बसली. बघता बघता तिला कळत गेलं. चंदेरी पिल्लांना थव्याने पळायचं होतं, पण पळायला जागाच नव्हती. पट्टेवाल्यांना पानांचा आडोसा हवा होता. आजोबांना लाकडाखाली सावली हवी होती. आणि हे काय? एक नेचा वाळूतून सुटून लाकडावर जाऊन अडकला होता. तो एकटाच टवटवीत होता, मुळांनी लाकडाला मिठी मारून!

इच्छा संपल्या होत्या. बकुळीने बाह्या सरसावल्या आणि ती हौदात उतरली. उंच लाल रोपं तिने मागच्या बाजूला नेली, तीही मधोमध नाही, एका अंगाला झुबक्याने. बुटकं पोपटी गवत पुढे लावलं. नेचे वाळूतून उपटले आणि त्यांची कुजकी खोडं काढून टाकून चांगली तेवढी दोऱ्याने लाकडावर बांधली. जास्तीची रोपं बाहेर काढली. आणि मधली जागा सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी राणीसाहेब आल्या. दिवाणजींनी कपाळाला हात लावला. "अगं, हे काय? मधे सगळं रिकामं! काम अर्धवटच टाकलंस!"

बकुळीने हौदाकडे पाहिलं. आपलं चुकलंच की काय, तिला काही कळेना. ती चाचरत म्हणाली, "राणीसाहेब, मी... मी माशांना विचारून केलंय."

इतक्यात एक चंदेरी पिल्लू गवतातून डोकावलं. मागून दुसरं आलं. मग झुळकन अख्खा थवाच्या थवा मधल्या पाण्यात शिरला! पट्टेवाले पानांआडून ऐटीत निघाले, केशरी मासे झगमगत वळले आणि सगळ्यात शेवटी मिशा हलवत आजोबाही आले.

"रिकामं कुठे आहे, दिवाणजी?" राणीसाहेब हसल्या. मग त्या बकुळीपाशी वाकल्या. "या हौदाची माळीण आजपासून तू. आणि ती झोपडी तुझी आणि तुझ्या आईची. तिथून तुम्हाला कुणी उठवणार नाही."

बकुळीला रडावं की हसावं ते समजेना. तिने वर पाहिलं. शिडीच्या टोकावर पाणपरी उभी होती.

"इच्छा तर संपल्या होत्या ना, परीताई?"

"तू मागायच्या संपल्या होत्या," परी म्हणाली. "मी द्यायची एक आहे."

तिने पंख पसरले. निळा, जांभळा, सोनेरी प्रकाश पाण्यातून, पानांतून, माशांच्या अंगावरून सळसळत बागभर पसरला, चाफ्यापर्यंत पोचला आणि विरून गेला. परी कुठेच नव्हती.

चाफ्याखालचं दार उघडलं. आई स्वतःच्या पायांनी चालत आली, कुठेही न थांबता. बकुळीने धावत जाऊन तिचा हात धरला. तो गार होता, ताप पार उतरला होता.

"घरी चल, बाळ," आई म्हणाली. "मला भूक लागलीय."