तान्हुबाईचा अर्धा बांध

देवळाकडे चढताना डाव्या हाताला खाली बघा. दोन शेतांमधला दगडी बांध दिसतो ना? ओढ्यापासून सरळ निघतो, शंभरेक पावलं येतो आणि मध्येच संपतो. पुढे सगळं एकच रान. तो ढासळला असेल असं पाहुण्यांना वाटतं. ढासळलेला नाही. तो तेवढाच बांधला, असं सांगतात. का, ते मी ऐकलं तसं सांगतो. मला स्वतःला यातलं सगळं उमगलेलं नाही.

फार जुनी गोष्ट. या बाजूचं शेत बाजी ठोंबऱ्याचं, त्या बाजूचं शिदोजी काळोख्याचं. शिदोजीची बहीण तान्हुबाई बाजीला दिलेली. म्हणजे शेजारी आणि मेहुणे. एका वर्षी ओढ्याला पूर आला आणि मातीचा बांध खुणेच्या दगडांसकट वाहून गेला. बाजी म्हणाला, हद्द विहिरीच्या अंगानं जाते. शिदोजी म्हणाला, मोहाच्या झाडाजवळून. मध्ये बारा पावलांचं अंतर. पेरणी तोंडावर आली, तरी कोणी मागे सरेना.

शिदोजी चारचौघांत म्हणाला, "दाजी, आम्ही पोरगी दिली व्हती. रान दिलं न्हवतं."

बाजी म्हणाला, "पोरगी घेऊन जा मग. रान ऱ्हाऊ द्या."

लोक हसले. तान्हुबाई हसली नाही.

तेव्हाची रीत अशी होती म्हणे, की दोन्ही शेतांची माती कालवून एक ढेकूळ करायचं. ज्याला हद्द ठाऊक, त्यानं ते डोक्यावर घेऊन हद्दीवरून चालायचं. खोटं पाऊल पडलं तर वंश बुडतो. दोन्ही घरांची अशी तान्हुबाई एकटीच होती, म्हणून पंचांनी तिला उभं केलं.

आदल्या दिवशी भावानं सांगितलं, "विहिरीकडं गेलीस तर भाऊबीजेला येऊ नगंस." नवऱ्यानं सांगितलं, "मोहाकडं गेलीस तर माघारी घरात पाय ठेवू नगंस." तिची पोरं तेव्हा लहान होती.

ती ओढ्यापासून निघाली. विहिरीकडे वळली नाही, मोहाकडेही नाही. दोन्हींच्या मधून सरळ चालत राहिली. लोक मागे दगड मांडत गेले. मग एकाएकी ती थांबली आणि खाली बसली. ठोंबरे सांगतात, ढेकूळ घसरून पडलं. काळोखे सांगतात, तिनंच उतरवून ठेवलं. खरं कोणतं, मला सांगता येत नाही.

पाटील म्हणाले, "ऊठ बाय. अर्धं राहिलंय."

ती म्हणाली, "हितवर ठाव हाय. बाप बोटाला धरून हितवरच आणायचा. फुडं कडब्याची गंज आसायची, मग आमी माघारी फिरायचो."

"मग अंदाजानं चाल."

"डोईवर माती घेऊन अंदाज सांगू व्हय?"

शेवटी पाटलांनी ढेकूळ बाजी आणि शिदोजीपुढे ठेवलं. म्हणाले, "तुमाला तर पक्कं ठाव हाय. उचला आन् चाला फुडं."

बाजीनं शिदोजीकडे पाहिलं. शिदोजीनं जमिनीकडे. सूर्य डोक्यावर आला तरी ढेकूळ तिथंच. महिनाभर भांडणाऱ्या दोघांनाही पुढचं ठाऊक नव्हतं, हे त्यांना आधी कळलं नव्हतं का? की कळलं होतं? मी पुष्कळदा विचार करतो, पण मला उलगडत नाही.

पंचांनी मांडलेल्या दगडांवर बांध घालायला लावला आणि पुढचं रान दोघांनी मिळून पेरावं असं ठरवलं. त्या संध्याकाळी तान्हुबाई कुठे गेली, याबद्दलही दोन बोलणी आहेत. काळोखे म्हणतात, भावाकडे जेवली. ठोंबरे म्हणतात, घरी येऊन चूल पेटवली. दोन्ही दारं उघडी होती एवढं खरं असावं.

आजही आमच्याकडे हद्दीचा वाद निघाला, की कोणाची हद्द कुठे असं विचारत नाहीत. "तुला कुठवर ठाऊक हाय?" एवढंच विचारतात. मग माणूस डोक्यावर ढेकूळ घेऊन निघतो आणि ठाऊक असलेलं संपलं की खाली बसतो. काही जण पहिल्या पावलालाच बसतात. त्यांना कोणी हसत नाही.