वानर ओरडला नाही

मुलांनो, त्या पाणवठ्यावरचे झाड उंबराचे होते की जांभळीचे, याची मला आता खात्री देता येत नाही. आयुष्यभर पुस्तके वाचली, तरी म्हातारपणी आठवणीला जामीन कोण राहणार? तिथल्या सकाळी मात्र आठवतात. वर वानरांचा कळप असे, खाली चितळांचा, म्हणजे ठिपक्यांच्या हरणांचा. वानर अर्धी फळे खात आणि अर्धी खाली सांडत. चितळे ती वेचत. वास घ्यायचा चितळांनी आणि दूरवर पाहायचे वानरांनी, अशी त्यांची रीत होती. शिकारी दिसला की म्हातारा वानर खाकरल्यासारखा ओरडे आणि चितळे क्षणात दिसेनाशी होत. "मामा, आज फळे फार उष्टी टाकलीत," असे एक चितळीण त्याला चिडवी. "आयते मिळते ना, म्हणून नखरे," तो म्हणे. इतका निवांतपणा मी पुढे कुठे पाहिला नाही. कदाचित थोडा वाढवूनही सांगत असेन.

मग वाघ राजाचे नदीपलीकडच्या वाघाशी युद्ध जुंपले. चितळांचे नातेवाईक पलीकडेही राहत, त्यामुळे ती फितूर आहेत अशी कुजबुज सुरू झाली. राजाचे सैन्य लांडग्यांचे होते. पण त्याच सुमारास, पिल्ले चोरतात म्हणून पूर्वी हाकलून दिलेले रानकुत्रे जंगलात परत आले. त्यांना कोणी बोलावले, ते कोणी सांगेना. राजाचा कोल्हा वानराकडे येऊन गोड शब्दांत समजावू लागला की, हे कुत्रे आपलेच राखणदार आहेत. त्यांना पाहून ओरडणे म्हणजे युद्धाच्या काळात घबराट पसरवणे, आणि त्याची शिक्षा पिल्लाबाळांनाही भोगावी लागते.

"आणि ते चितळांकडे वळले तर?" वानराने विचारले.

"तू झाडावर राहतोस ना? मग खालची काळजी तुला कशाला?" कोल्हा म्हणाला.

एका सकाळी वारा उलट्या दिशेचा होता, चितळांना कसलाच वास आला नाही, आणि पाणवठ्याजवळचे गवत हलले. चितळिणीच्या पाडसाने कान टवकारले. "आई, तिकडे कुणीतरी आहे."

"मामा वर बसलेत ना? ते ओरडले नाहीत, म्हणजे वारा असेल. तू पाणी पी."

वानराला वरून कुत्रे स्पष्ट दिसत होते. त्याने तोंड उघडले. पण शेजारच्या फांदीवर त्याचीही पिल्ले होती. त्याने तोंड मिटले.

ऊन चढेपर्यंत पाणवठ्यावर एकही चितळ जिवंत उरले नाही, पाडसेसुद्धा नाहीत. काही नदीच्या उताराकडे, म्हणजे जिथून उथळ पाण्यातून पलीकडे जाता येई तिकडे, पळाली होती. पलीकडे एकही पोहोचले नाही.

वानर रडत राजाकडे गेला. राजानेही डोळे पुसले. "ते कुत्रे माझे नव्हेत रे. युद्धात अशी मोकाट टोळकी निघतातच. माझे लांडगे तर तेव्हा दूर सीमेवर होते." युद्ध संपले, कुत्रे आले तसे निघून गेले, आणि राजाचे म्हणणे सगळ्यांनी खरे धरले.

पुष्कळ वर्षांनी मी उतारावरच्या म्हाताऱ्या कासवाला गाठले. माझ्या शंकेखोर स्वभावाप्रमाणे एकच प्रश्न त्याला निरनिराळ्या शब्दांत विचारत राहिलो. उत्तर बदलले नाही. त्या सकाळी उतारावर राजाचे लांडगे रांगेने उभे होते, आणि धावत आलेल्या चितळांना ते पुन्हा पाणवठ्याकडे हाकलत होते.

तात्पर्य : मारणारे आपले नव्हते असे राजा सांगू लागला, तर पळणाऱ्यांची वाट कोणी अडवली होती, ते विचारावे.