पहिली टोपली कोणाची?

गुलामांच्या सौदागराच्या तावडीतून सुटलेली चाळीस हबशी कुटुंबं आडबंदरला उतरली आणि हंबीरराजापुढे पेच पडला. यांना कसायला जमीन द्यायची कुठली?

राजा मुलखाचा हट्टी. म्हणाला, "जमीन देईन, पण कोणाची हिसकून नाही! धन्यानं भर दरबारात 'ही माझी नव्हे' असं म्हटलं पाहिजे. पौर्णिमेपर्यंत मुदत. नाहीतर पुन्हा गलबतात बसा!"

झालं! गावची सगळी जमीन आपलीच म्हणणारा अंताजी खोत जिवंत असताना असं कोण म्हणणार? माळ दाखवला, "माझा!" कातळ दाखवला, "माझा!" शेवटी खाडीकाठचं खाजण दाखवलं. गुडघाभर खारा चिखल, सात वर्षांत भाताची काडी नाही, खेकडेसुद्धा तिथून वाकडे चालतात.

खोत म्हणाला, "आजोबांपासून माझंच! आणि ही काळी माणसं शेतात उतरली तर भातही काळं पिकेल!"

हबशांतली म्हातारी हलिमा पुढे झाली. सौदागराच्या गलबतावर दहा वर्षं तिनं आपल्याकडच्या खलाशांना भाकऱ्या थापून घातल्या होत्या. त्यामुळे आपली भाषा तिला शिव्यांसकट येत होती.

"काळ्या तव्यावर भाजलेली भाकरी काळी होते का हो, खोत? तुम्ही तर रोज चार हाणता!"

दरबार खिदळला. हसायला काय जातंय! जमीन कोणी काढून दिली नाही. दरबारी लोकांना पाहुणे फार आवडतात, फक्त ते जायला निघालेले हवेत.

पौर्णिमेला हलिमा आली ती कमरेपर्यंत चिखलानं माखून. मागे दोघी जणी, हातात चिखलानं भरलेली टोपली. गालिच्याचं वाटोळं झालं.

"महाराज, आम्ही चाललो. पण जाताना एक गाऱ्हाणं आहे. खाजणाचा बांध सात वर्षं फुटलाय. खारं पाणी गावच्या विहिरीत शिरतंय, बाया कोसभरावरून घागरी आणतात. यावर तुमचा रिवाज काय?"

राजा म्हणाला, "ज्याचं खाजण त्याचा बांध! पहिली टोपली धन्यानं स्वतःच्या डोक्यावरून न्यायची आणि बांध पुरा होईस्तोवर चिखलातून बाहेर यायचं नाही. कोणाचं आहे रे ते खाजण?"

"खोतांचं!" हलिमा म्हणाली. "टोपली आणलीय. चला खोत, ती जरीची पगडी तेवढी उतरवा!"

टोपलीतून एका खेकड्यानं नांगी वर काढली. खोत दोन पावलं मागे सरला.

"माझं? कोण म्हणतं? ते समुद्राचं!"

"मग आजोबांचं असेल."

"आजोबांचं नाही, पणजोबांचं नाही! ग्रामदेवीची शपथ, ते खाजण माझं नव्हे!"

"ऐकलंत, महाराज?" हलिमानं टोपली उचलली आणि आपल्याच डोक्यावर ठेवली. "मग ही पहिली टोपली आमची!"

खोत हात जोडत पुढे धावला. "महाराज, मी आपलं सहज..."

"देवीची शपथ सहज घेतात होय रे? खाजण चाळीस घरांचं! शिवाय माझ्या गोठ्यातले वीस बैल त्यांचे. आणि बाई, नवं भात आलं की तुझ्या चुलीपाशी पेज प्यायला येईन हो!"

"या की, महाराज! पण रिकाम्या डोक्यानं येऊ नका. एक टोपली चिखल घेऊन या!"

राजा असा हसला, असा हसला, की घरंगळलेला मुकुट धरायला हुजऱ्याला धावावं लागलं.