ढमालेसाहेबांचं स्ट्रेचर

तालुक्याच्या दवाखान्यात ओपीडीच्या खिडकीवर बसणाऱ्या केंगारबाईंचा घसा दुपारपर्यंत पार बसला होता. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. नेमके तेव्हाच माजी नगरसेवक सर्जेराव ढमाले कार्यकर्त्यांचा घोळका घेऊन आले आणि रांगेतल्या म्हातारीला बाजूला सारून खिडकीशी उभे राहिले.

"मला आधी आत सोडा. ओळखत नाही का?"

"ओळखते ना, साहेब. पण रांग सोडून फक्त सिरियस पेशंट जातो, तोही स्ट्रेचरवरून."

"मग मी सिरियस आहे असं समजा!"

बाईंनी सुस्कारा सोडला आणि माईक ओढला. "स्ट्रेचर आणा लवकर. ढमालेसाहेब सिरियस आहेत."

सगळी ओपीडी वळून बघायला लागली. एका कार्यकर्त्याने तर फोनही कानाला लावला. उद्या पक्षाची तिकिटं जाहीर व्हायची होती. साहेबांना दरदरून घाम फुटला.

"अहो, मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे मी!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले.

"बरं झालं," केंगारबाई म्हणाल्या. "मग या आजींना आधी जाऊ द्या. त्या आजारी आहेत."