पुढच्या वर्षी स्वस्त

वाघेरीच्या आरोग्य उपकेंद्रात वीज गेली की लसींचा फ्रीज बंद पडायचा. नर्स मृणाल दर ग्रामसभेत चाचरत सौर पॅनल मागायची आणि सरपंच भाऊसाहेब हसून सांगायचे, "अहो सिस्टर, दर उतरतायत. पुढच्या वर्षी याहून चांगले, स्वस्तात घेऊ."

एका लसीकरणाच्या दिवशी भाऊसाहेब स्वतःच्या नातवाला घेऊन आले. रात्रभर वीज नव्हती. सगळ्या लसी वाया गेल्या होत्या.

"मग आता?" ते कडाडले.

मृणाल दचकली, पण बोललीच. "थांबा की, भाऊसाहेब. पुढच्या वर्षी याहून चांगली, स्वस्त लस येईल."

"पोरगं थांबणार आहे का तोवर?"

"हेच मी सभेत विचारत होते."

भाऊसाहेबांनी नातवाला गाडीत घातलं आणि तालुक्याला नेलं. बाकीच्या आया पोरं घेऊन ओट्यावर बसून राहिल्या.